जुन्या गाडीच्या सनरूफची खडखड: स्क्रूला हात लावण्याआधी काय करायचं

दिवाळीपासून ओळखीपाळखीच्या पाच जुन्या गाड्यांची सनरूफं पाहिली. पाचही वाजत होती आणि पाचहींत कुणी ना कुणी आधीच ग्रीस भरून ठेवलं होतं. दोन गाड्यांत काचेचे स्क्रू इतके आवळलेले की डोक्याच्या खाचा गुळगुळीत झालेल्या. एकीत काच आणि टपाच्या फटीत वहीचा पुठ्ठा कोंबलेला. तो पावसात भिजून फुगला आणि सनरूफ उघडेनाच.

चूक सगळ्यांची एकच, कामाचा क्रम उलटा. आवाज आला की माणूस आधी ग्रीस भरतो, मग स्क्रू पिळतो, आणि आवाज नेमका कुठून येतो हे शेवटी शोधतो. खरा क्रम असा: गाडी रिकामी करा, आवाज ऐका, जागा पकडा, साफ करा, निचरा बघा, कापड आणि वंगण लावा. एवढ्यावर भागलं नाही तरच स्क्रू.

हे सगळं सरकणाऱ्या एका काचेच्या, नेहमीच्या आकाराच्या सनरूफसाठी आहे. सात-आठ वर्षांवरच्या बऱ्याच सेडान आणि एसयूव्हींत असतं तसं. तुमचं पॅनोरामिक, म्हणजे जवळजवळ टपभर काचेचं असेल तर सहाव्या टप्प्यापर्यंत सोबत या, पण सातवा करू नका. त्यातली मागची काच बहुधा चिकटवलेली असते, तिला हलवायला स्क्रू नसतो.

## तयारी

कोरडा दिवस निवडा. साताऱ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटेच्या गारव्यात रबर कडक असतं आणि दुपारी ऊन लागलं की मऊ होतं, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही प्रकारचे आवाज ऐकायला मिळतात. भर पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैत एकदा मी काच जरा खाली बसवली. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात मेहुण्याच्या मांडीवर पाणी ठिबकायला लागलं. त्याने ते अजून विसरू दिलेलं नाही.

सामान फार लागत नाही:

- रंगारी वापरतात तो कागदी टेप आणि एक पेन
- जुना टूथब्रश, कानातल्या काड्या, धागे न सुटणारं सुती कापड
- बारीक तोंडाचा व्हॅक्यूम, नसेल तर रंगाचा मऊ ब्रश
- गाडी धुवायचा सौम्य शाम्पू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली
- एका बाजूने चिकटणारी पातळ मखमली किंवा नमद्याची पट्टी
- रबरासाठी शुद्ध सिलिकॉन ग्रीस
- रुळांसाठी प्लास्टिकला चालणारं सनरूफचं ग्रीस
- चांदणीच्या खाचेची बिट (बऱ्याच गाड्यांत टी-२५, पण आपली तपासून घ्या)
- गवत कापायच्या मशीनमधली नायलॉनची तार, दोन-अडीच हात
- टॉर्च, आणि गाडी चालवायला दुसरं माणूस

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. स्वतः गाडी चालवताना टपावरचा आवाज शोधता येत नाही. एक तर लक्ष रस्त्यावर हवं, आणि दुसरं म्हणजे डोक्यावरचा आवाज नेमका कुठून येतोय हे एका जागी बसून कान सांगू शकत नाही.

सावध: हार्डवेअरच्या दुकानात ‘ग्रीस द्या’ म्हटलं की बेअरिंगचं पिवळं किंवा तपकिरी ग्रीस हातात पडतं. ते सनरूफला नको. ते धूळ धरून ठेवतं, आणि पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं, सैल पडतं. गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेलही नको. आवाज दोन दिवस थांबतो, पण कंपनीचं मूळ वंगण विरघळून जातं आणि महिन्याभरात रूळ कोरडेठाक होतात.

## टप्पा १: गाडी रिकामी करा, टायरची हवा बघा

सनरूफला दोष देण्याआधी बाकीचे संशयित बाहेर काढा. गॉगलचा कप्पा, आरशाला लटकवलेली माळ, दारांच्या खिशातल्या बाटल्या, सुटे पैसे, डिकीतला जॅक आणि पाना, मागची पार्सल ट्रे, सगळं घरात नेऊन ठेवा. मागच्या सीटचे पट्टे बकलात अडकवा. मागच्या सीटची पाठ खटका लागेपर्यंत मागे ढकला. हा खटका अर्धवट बसलेला असेल तर आवाज हमखास टपातून आल्यासारखा वाटतो.

मग टायरची हवा. हायवेला जायचं म्हणून कुणीतरी ३३ ऐवजी ४० भरून दिलेली असते आणि आपण महिनाभर तसेच फिरतो. दगडासारख्या टायरवर चांगली गाडीही वाजते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असेल तेवढीच हवा ठेवा, तीही टायर गार असताना.

एकदा मी तासभर टपाला कान लावून बसलो होतो. मेहुणा मागून म्हणाला, “दाजी, टप नाही वाजत. तुमचा गॉगल वाजतोय.” कप्पा उघडला तर चष्म्याची काडी प्लास्टिकवर आपटत होती.

तपासा: रिकामी गाडी नेहमीच्या खराब रस्त्यावरून एकदा न्या. आवाज गेला असेल तर पुढचं काही करायची गरज नाही. एकेक वस्तू परत ठेवत कोणती वाजते ते बघा.

## टप्पा २: आवाजाची जात ओळखा

‘सनरूफ वाजतं’ एवढ्याने काही कळत नाही. चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

खडखड. बारीक खड्ड्यांवर, सलग येते. कडक वस्तू कडक वस्तूवर आपटते. वारा अडवणारी पुढची पट्टी, आतला सरकता पडदा किंवा सैल काच.

किरकिर, करकर. घाटातल्या वळणावर, किंवा स्पीड ब्रेकरवर एक चाक आधी आणि एक नंतर चढलं की येते. गाडीचं अंग पिळवटतं आणि कोरडं रबर काचेवर घासतं. ऐंशी टक्के वेळा नुसत्या साफसफाईने आणि सिलिकॉनने जाते, निदान माझ्या अनुभवात.

टक्. मोठ्या खड्ड्यात एकदाच. रुळातल्या प्लास्टिकच्या सरकपट्टीला झिजून खेळ आलेला असू शकतो. ही घरी दुरुस्त होत नाही, पण ओळखता आली पाहिजे.

शीळ किंवा घोंघाट. हायवेवर वेग वाढला की. ही खडखड नव्हे. काचेची उंची किंवा रबराची बैठक चुकलेली असते. थेट सातव्या टप्प्याचं काम, पण चौथा आणि सहावा केल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

## टप्पा ३: जागा पकडा

इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया. तास लागला तरी लागू द्या.

रस्ता तुमच्या ओळखीचा असावा, म्हणजे प्रत्येक खेपेला तोच खड्डा मिळेल. खडखडीसाठी मला हायवेवर टोलनाक्याच्या आधीच्या रंबल पट्ट्या बऱ्या वाटतात. सारख्या अंतरावर असल्याने आवाज ठेक्यात येतो. किरकिरीसाठी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट, दुसऱ्या गियरमध्ये, सावकाश. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, चाचणी घेऊ नका. भिंतींवरून आवाज परत येतो आणि सगळंच डोक्यावर वाजतंय असं वाटतं.

काचा वर, एसीचा पंखा बंद, गाणी बंद, वेग २५ ते ३०. चालवणारा दुसरा. तुम्ही आधी त्याच्या शेजारी, मग मागे बसा. आता याच क्रमाने करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. पडदा. आतला पडदा पूर्ण बंद ठेवून एक फेरी, पूर्ण मागे सरकवून दुसरी. तिसऱ्या फेरीत तो अर्ध्यावर आणून बोटाने हलकेच दाबून धरा. फरक पडला तर दोषी पडदाच. स्क्रूची बिट परत डब्यात टाका.

२. काच. पडदा मागे, सनरूफ बंद. तळहात सपाट ठेवून काच आतून हलकेच वर दाबा. आधी पुढची कड, मग मागची, मग डावी, मग उजवी. ज्या कडेला दाबल्यावर आवाज थांबतो तिथे टेपचा तुकडा चिकटवून त्यावर लिहा: ‘पुढे डावीकडे, बंद’. लक्षात राहील म्हणून सोडू नका. तिसऱ्या फेरीनंतर डावं-उजवं उलटसुलट होतंच.

३. मागून वर उचलून. काच मागच्या बाजूने तिरकी उघडा. आवाज थांबला तर मागचं रबर आणि काचेची बैठक तपासायची.

४. पूर्ण उघडून. काच पूर्ण मागे गेल्यावर वारा अडवणारी पट्टी मोकळी होऊन वर येते. आवाज इथे थांबला तर तो काच आणि पट्टी एकमेकींना जिथे टेकतात तिथला. उघड्या सनरूफलाही तोच आवाज आला तर तो यंत्रणेचा, नाहीतर सनरूफचा नव्हेच.

५. चौकट. सनरूफभोवती टपाचं कापड जिथे संपतं त्या कडेला बोटांनी वर दाबा. याने आवाज गेला तर आतली पूर्ण चौकट टपाला धरणारे पट्टे सैल आहेत. त्यासाठी टपाचं अस्तर उतरवावं लागतं, ते गॅरेजचं काम.

६. टेप. वरच्या पाचांत काहीच ठरलं नाही तर गाडी सावलीत उभी करून बाहेरून काच आणि टप यांच्या फटीवर चारही बाजूंनी कागदी टेप लावा आणि एक फेरी मारा. आवाज एकदम कमी झाला तर काच हलतेय. तसाच राहिला तर वर बघणं सोडा. सीटबेल्टची वरखाली होणारी कडी, टपावरचे कॅरियरचे दांडे, अँटेनाचं बूड, आतल्या दिव्याचा कप्पा यांवर एकेक करून हात ठेवा.

सावध: हात काचेवर ठेवताना चालवणाऱ्याचं बोट सनरूफच्या किंवा रिमोटच्या बटणावर नको. काही गाड्यांत रिमोटचं लॉक बटण दाबून धरलं की सनरूफ आपोआप बंद होतं. काही अडकल्यावर काच मागे नेणारी यंत्रणा बऱ्याच गाड्यांत असते, पण जुन्या गाडीत तिच्या भरवशावर बोटं घालू नका.

तपासा: कागदावर निदान एक ओळ तरी हवी: कुठे, कोणत्या अवस्थेत, कोणत्या रस्त्यावर. ती नसेल तर चौथा टप्पा सुरू करू नका. उद्या पुन्हा फेरी मारा.

## टप्पा ४: रूळ आणि पन्हळ साफ करा

आवाज कुठूनही येत असो, हा टप्पा चुकवायचा नाही. सनरूफभोवती पाण्याची पन्हळ असते आणि तिच्या आतल्या बाजूला दोन रूळ. दोन्हींत काय साठतं ते एकदा टॉर्च मारून बघा.

माझ्या गाडीत ऑक्टोबरअखेर काय निघालं ते सांगतो. कासच्या रस्त्यावरची तांबडी धूळ जुन्या ग्रीसमध्ये कालवून तिचा विटकरी लेप झालेला. बोटावर चोळला तर पॉलिशपेपरसारखा खरखरीत. त्यावर साखर कारखान्याच्या हंगामातली काजळी. पुढच्या डाव्या कोपऱ्यात गुलमोहराची बारीक पानं, चहाच्या चोथ्यासारखी दाबून बसलेली. घरासमोर गुलमोहर आहे आणि गाडी रोज त्याखालीच असते. या लेपावर नवं ग्रीस चोपडलं की सरकपट्ट्या झिजायला वेगळं काही करावं लागत नाही.

काच पूर्ण उघडा, इग्निशन बंद करा, किल्ली घरात नेऊन ठेवा.

आधी कोरडी साफसफाई. पानं आणि माती ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढा. पन्हळीच्या चार कोपऱ्यांकडे कचरा ढकलू नका, तिथेच निचऱ्याची भोकं आहेत. कचरा नेहमी मधल्या भागाकडे आणून उचला.

मग रूळ. कापडाच्या कोपऱ्याला थोडं अल्कोहोल लावून जुनं ग्रीस पुसा. कापड काळं झालं की घडी बदला. खाचेत कानातली काडी फिरवा. अल्कोहोल रंगावर आणि रबरावर सांडू देऊ नका, आणि ते वापरताना आसपास विडी-काडी नको. रुळातल्या बारीक केबल ओढून बघायचा मोह होतो. हात लावू नका.

शेवटी रबर. पाण्यात दोन थेंब शाम्पू टाकून सुती कापड पिळून घ्या आणि काचेभोवतीचं रबर आणि ते टपाला टेकतं ती कड, दोन्ही पुसा. रंगावर एक बारीक करडी रेघ दिसेल. रबर घासून ती पडलेली असते, आणि किरकिर बऱ्याचदा तिथेच जन्मते. पूर्ण वाळू द्या, अर्धा तास तरी.

सावध: पाण्याची नळी किंवा प्रेशर वॉशर आत मारू नका. ते पाणी अस्तरात आणि मोटरवर जाईल.

तपासा: रबरावरून बोट फिरवा. ते सगळीकडे सारखं लवचीक लागलं पाहिजे. एखाद्या जागी भाकरीच्या वाळक्या कडेसारखं कडक, चिरलेलं किंवा चपटं बसलेलं असेल तर वंगणाने भागणार नाही, रबर बदलावं लागेल.

## टप्पा ५: निचरा बघा

याचा खडखडीशी थेट संबंध नाही. तरी उघडलंच आहे तर बघून घ्या, कारण निचरा तुंबलेला असेल तर काच कितीही नीट बसवली तरी पाणी आत येणार. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. थोडं पाणी पन्हळीत येणं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे खाली जाणं अशीच रचना असते.

चहाच्या कपाने पुढच्या एका कोपऱ्यात सावकाश पाणी ओता. पुढच्या नळ्या समोरच्या काचेच्या खांबातून उतरतात आणि साधारण पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकामागे निघतात. मागच्या नळ्या मागच्या खांबातून बंपरकडे जातात. पाणी लगेच ठिबकू लागलं पाहिजे. गाडी उतारावर असेल तर उंच बाजूच्या नळीपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून पुढचे कोपरे तपासताना नाक खाली आणि मागचे तपासताना नाक वर. साताऱ्यात उतार शोधायला लागत नाही.

पाणी तुंबलं तर नायलॉनची तार टोकाला गोलसर करून वरून हलक्या हाताने घाला. अडली की फिरवा, रेटू नका. खालच्या टोकाला चिरेचं रबरी बूच असेल तर ते चिखलाने मिटलेलं असतं. चिमटीत धरून दाबलं की मोकळं होतं.

सावध: पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप लावू नका. हवेच्या दाबाने नळी आतल्या जोडातून निसटते. मग पाणी खांबातून थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये, आणि कळतं तेव्हा गाडीला कुबट वास सुटलेला असतो. नळी दिसावी म्हणून खांबाचं प्लास्टिकही ओढू नका. बऱ्याच गाड्यांत त्याखाली एअरबॅग असते.

## टप्पा ६: कापड आणि वंगण

आता तिसऱ्या टप्प्यातला टेपचा तुकडा वाचा आणि तिथेच काम करा.

वारा अडवणारी पट्टी वाजत असेल तर. काच उघडी ठेवून पट्टीची दोन्ही टोकं आणि तिचे स्प्रिंगचे हात बघा. हाताने दाबून सोडली की तिने पूर्ण वर यायला हवं. एका बाजूला ढिली राहत असेल तर स्प्रिंग निसटलीय. सगळं ठीक असेल तर काच बंद होताना पट्टीवर कुठे टेकते ते शोधा. धूळ पुसली गेल्याची चकाकती खूण दिसेल. तिथे अल्कोहोलने पुसून नखाएवढा मखमलीचा तुकडा लावा. दोन्ही बाजूंना सारखा, नाहीतर पट्टी तिरकी होईल.

पडदा वाजत असेल तर. पडद्याच्या कडांचे प्लास्टिकचे कान रुळात खेळतात. कान रुळाला घासतो त्या बाजूला पातळ मखमली पट्टी लावा. एक थर पुरतो. दोन थर लावले की पडदा अडकतो आणि लोक तो जोराने ओढून कान मोडतात.

काच वाजत किंवा किरकिरत असेल तर. रबराला सिलिकॉन ग्रीस. बोटावर थोडं घेऊन रबरावर चारही बाजूंनी असं चोळा की हाताला ओलं लागता कामा नये, नुसतं चमकलं पाहिजे. दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने जास्तीचं पुसा.

रुळांना त्यांचं वेगळं ग्रीस. सरकपट्टी जिथून फिरते तिथे मुगाच्या डाळीएवढे ठिपके, वीतभर अंतरावर. मग काच चार-पाच वेळा उघडा आणि बंद करा, ती स्वतः ते पसरवेल. बाहेर आलेलं पुसा. जिथे ग्रीस डोळ्याला दिसतंय तिथे ते जास्त झालंय.

सावध: सिलिकॉनचा हात समोरच्या काचेला लागू देऊ नका. वायपर फिरला की पावसात धुरकट पट्टे उमटतात. टपाचं रंगकाम करून घ्यायचं असेल तर पेंटरला सिलिकॉन लावल्याचं आधीच सांगा. सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नवा रंग धरत नाही, त्याला डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे पडतात.

तपासा: आता त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारा. पाचांपैकी तीन गाड्या इथेच गप्प झाल्या.

## टप्पा ७: काचेची उंची (गरज उरली तरच)

काच आतून दाबल्यावर आवाज अजून थांबत असेल, किंवा हायवेला शीळ वाजत असेल, तरच पुढे वाचा.

आधी बाहेरून मोजा. बहुतेक गाड्यांत पुढची कड टपाच्या सपाटीला किंवा जेमतेम १ मिमी खाली असते आणि मागची सपाटीला किंवा १ मिमी वर. नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा सर्व्हिस सेंटरला मिळेल. मोजपट्टीपेक्षा नख बरं. टपावरून नख पुढून मागे फिरवा. ते कुठेही अडता कामा नये, पायरी उतरल्यासारखं वाटलं तर चालतं. पुढच्या कडेला अडलं तर काच वर आलीय. मागच्या कडेला अडलं तर खाली गेलीय.

आता आतून. पडदा मागे घ्या. काचेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचं लांबट झाकण असतं. काच मागून उचलली की ते सहसा मोकळं होतं. कोणत्या दिशेने सरकतं ते बघूनच ओढा, जुनं प्लास्टिक काचेसारखं तुटतं. झाकणाखाली प्रत्येक बाजूला दोन-तीन चांदणीचे स्क्रू दिसतील. हात लावण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रूजवळ पेन्सिलीने खूण करा.

१. काच बंद करा.
२. फक्त एका कोपऱ्याचा स्क्रू पाव फेरा सैल करा. सगळे एकदम सैल केले की काचेला मूळ जागा राहत नाही आणि अख्खी दुपार जाते. हे मी करून बसलोय.
३. तो कोपरा आतून बोटांनी हवा तेवढा वर किंवा खाली न्या. केसाएवढा बदल पुरतो.
४. स्क्रू बोटांच्या जोरावर आवळा. खांद्याचा जोर लावायचा नाही. बऱ्याचदा त्याचे आटे नरम धातूत किंवा प्लास्टिकमध्ये असतात, ते एकदा गेले की गेले.
५. काच तीनदा उघडून बंद करा आणि नख फिरवून पुन्हा बघा. मगच पुढचा कोपरा.

तपासा: वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. ती काच आणि टप यांच्यात ठेवून काच बंद करा आणि पट्टी बाहेर ओढा. चारही बाजूंना तीन-तीन ठिकाणी हे करा. सगळीकडे सारखी धरून सुटली पाहिजे. एके ठिकाणी अलगद निघाली तर तिथे रबर टेकत नाही. फाटली तर तिथे काच जास्त दाबतेय.

सावध: स्क्रूड्रायव्हर फटीत घालून काच उचकटू नका. कडक केलेल्या काचेची कड सगळ्यात नाजूक. एक टवका उडाला की कधी भर रस्त्यात तिचा चुरा होईल सांगता येत नाही.

## टप्पा ८: सनरूफला पुन्हा शिकवणं

मध्ये बॅटरीची तार काढली असेल, किंवा बटण दाबल्यावर काच थोडी सरकून परत मागे जात असेल, तर मोटर तिची हद्द विसरलीय. पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी. साधारणपणे इग्निशन चालू करून बंदचं किंवा उचलायचं बटण दहा-पंधरा सेकंद धरून ठेवतात, मग काच एकदा पूर्ण उघडून पूर्ण बंद करतात. आपल्या मॉडेलची पद्धत पुस्तकात बघूनच करा. त्या वेळात काचेच्या आसपास कुणाचा हात नको. या अवस्थेत काही गाड्यांत अडथळा ओळखून थांबायची सोय काम करत नाही.

## टप्पा ९: गॅरेजला द्यायची वेळ

काच तिरकी सरकत असेल, एक बाजू मागे राहत असेल, मोटर फिरल्याचा आवाज येऊनही काच हलत नसेल, किंवा ती मोठ्या खड्ड्यातली ‘टक्’ गेली नसेल, तर बटणाला पुन्हा हात लावू नका. सरकपट्टी किंवा केबल गेलीय. प्रत्येक वेळी बटण दाबून ती आणखी मोडाल आणि काच उघडी अडकली तर पावसात ताडपत्री बांधून फिराल.

गाडी देताना नुसतं ‘सनरूफ वाजतं’ म्हणू नका. टेपचे तुकडे तसेच ठेवा, फिटरला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक फेरी मारा आणि तळहाताने दाबून आवाज थांबवून दाखवा. सैल चौकट असेल तर अस्तर उतरवावं लागेल. ते किती वेळ बाहेर राहील आणि न दुमडता कसं ठेवणार हे आधी विचारा, कारण दुमडलेलं अस्तर पुन्हा सपाट होत नाही.

आणि एक गोष्ट आधीच, स्पष्ट शब्दांत बजावून ठेवा: काचेच्या फटीत सिलिकॉनचा सीलंट भरायचा नाही. एका गॅरेजने माझ्या पहिल्या गाडीला ‘कायमचा इलाज’ म्हणून ते केलं होतं. खडखड थांबली, सनरूफही थांबलं. तो सीलंट ब्लेडने खरवडून काढायला दोन रविवार गेले, आणि त्यात टपाच्या कडेचा रंग जिथे सोलला तिथे आता गंजाचा ठिपका आहे.

काम झाल्यावर आठवडाभराने, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी, त्याच रंबल पट्ट्यांवरून गाडी न्या. टपावर बाहेरून लावलेला कागदी टेप मात्र लावला त्याच दिवशी संध्याकाळी काढा. दोन दिवस उन्हात राहिला की त्याचा डिंक रंगावर बसतो. बसलाच तर नखाने खरवडू नका, कापडाला जरा खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग पुसा.